जागेची तपासणी

कुंभवलीच्या शेडमध्ये दर महिन्याला आरोग्य तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना एका बाईच्या हृदयात घरघर ऐकू आली. पुढच्या महिन्यात त्याच बाईच्या छातीवर नळी लावली तेव्हा घरघर नव्हती. त्याच्या पुढच्या महिन्यात ती पुन्हा होती. डॉक्टर पालघरचे, निवृत्त, छातीच्या आणि हृदयाच्या रुग्णांमध्ये आयुष्य गेलेले. अरुंद झालेली झडप मध्येच एक महिना बरी होऊन पुन्हा बिघडत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यामुळे त्यांनी पहिला संशय स्वतःच्या कानांवर घेतला.

या तपासण्यांना मी हजर असे. ज्या वर्तमानपत्रात मी काम करत होते त्याची पालघरची आवृत्ती बंद झाल्यानंतर मला हे काम मिळाले होते. परदेशातली एक दुकानसाखळी इथून टॉवेल घेते. तिने आपल्याला माल पुरवणाऱ्या सगळ्या ठिकाणच्या कामगारांच्या आरोग्य कार्यक्रमासाठी निधी दिला होता. दुकानाला माल देणारी कंपनी मुंबईची, कापड विणणारी आणि रंगवणारी गिरणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, आणि टॉवेलांच्या कडांचे सुटे धागे कापून, घड्या घालून खोकी भरणारी शेड कुंभवलीत. पुरवठ्याच्या साखळीची ही शेवटची कडी. तिथे काय घडते ते दर महिन्याला लिहून कार्यक्रमाच्या मुंबईच्या कार्यालयात पाठवायचे, एवढे माझे काम होते.

सुरुवातीला मुंबईहून एक पुस्तिका आली. कामगारांच्या आरोग्यात पैसा घातला की संकट आले तरी साखळी तुटत नाही, असा तिचा सारांश होता. संकटात न तुटण्याच्या या गुणाला एक मराठी शब्द सुचवा, असे मला कळवण्यात आले. मी ‘तग’ असे लिहून पाठवले. शब्द फार लहान वाटतो, थोडा मोठा सुचवा, असे उत्तर आले. मग मी ‘तग धरण्याची क्षमता’ असे पाठवले. ते पसंत पडले.

शेडवर सिमेंटचे पत्रे होते. बायका लाकडी फळ्यांवर ओळीने बसत. प्रत्येकीच्या हातात लहान कात्री, मांडीवर टॉवेल. कापलेल्या धाग्यांबरोबर कापसाचे बारीक तंतू उडत आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होत. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात निळा ॲप्रन. दिसायचे ते डोळे. फळीवरच्या बसायच्या ठिकाणाला तिथे सगळे ‘जागा’ म्हणत. कामावर घेतले याला ‘जागा मिळाली’ आणि काढले याला ‘जागा गेली’.

आमच्या आधीही शेडला तपासण्या माहीत होत्या. माल घेणाऱ्यांचे लोक येऊन पाहून जात. त्यांना सुपरवायझर पाहुणे म्हणत असे. हा सुपरवायझर चिंचणीचा, वडिलांची होडी होती, स्वतः पाण्याला घाबरतो असे तोच सांगे. पाहुणे यायचे असले की वाळूच्या बादल्या रंगवल्या जात, औषधांच्या पेटीत नवा कापूस येई, खोकणाऱ्या बायकांना त्या दिवशी घरी राहायला सांगितले जाई आणि धडधाकट बायका पुढच्या ओळीत बसत. यात लपवाछपवी आहे असे कोणाला वाटत नव्हते. पाहुणे आले की घर आवरतात, तसे ते होते.

पहिल्या तपासणीला गणपती नुकतेच होऊन गेले होते. खोकी मोजायच्या टेबलावर चादर टाकून डॉक्टर बसले. विक्रमगडकडच्या एका पाड्यावरची बाई टोपी-मास्क तसाच ठेवून समोर आली. तिच्या छातीवर डॉक्टरांनी नळी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, तिला डाव्या कुशीवर व्हायला सांगितले आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, असे त्यांनी विचारले. तिने मान हलवली. चढ चढताना दम लागतो का, विचारले. तिने पुन्हा मान हलवली. डॉक्टरांनी तिला आणि मला सरळ शब्दांत सांगितले: हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, रक्त मागे तुंबते आहे. यावर उपाय आहे. पण लवकर केला नाही तर एखादा साधा ताप किंवा एखादे बाळंतपण तिचा जीव घेऊ शकेल. हृदयाची सोनोग्राफी करून घ्यायची चिठ्ठी त्यांनी दिली. तिने ती चार घड्या घालून कमरेला खोचली आणि फळीवर जाऊन बसली.

दुसऱ्या महिन्यात तेच नाव पुकारले गेले, तेच ओळखपत्र टेबलावर आले. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली का म्हणून विचारले. बाई म्हणाली, बरं वाटतं आता. त्यांनी ऐकले आणि त्यांचा चेहरा गोंधळलेला दिसू लागला. ठोके स्वच्छ होते. त्यांनी नळी झटकली, स्वतःच्या छातीवर लावली, मग माझ्या, मग सुपरवायझरच्या.

“डॉक्टरसाहेब, माझं हृदय मालकाकडं गहाण हाय,” सुपरवायझर म्हणाला. “तिथं काय आवाज येणार?”

बायका हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. परतीच्या रिक्षात ते म्हणाले की पहिल्या वेळी शेजारी कुठले तरी यंत्र चालू असावे आणि त्याचा आवाज नळीत आला असावा. बोईसर स्टेशन येईपर्यंत त्यांनी हा खुलासा स्वतःच खोडून काढला.

तिसऱ्या महिन्यात घरघर परत आली आणि आधीपेक्षा ठळक. बाईने आपण होऊन सांगितले की आज उपास आहे, म्हणून तसे वाजत असेल. डॉक्टरांनी नळी गुंडाळून पिशवीत ठेवली आणि उरलेल्या बायकांचा फक्त रक्तदाब घेतला. पुढच्या आठवड्यात त्यांनी पालघरच्या बाजारपेठेतल्या दवाखान्यात जाऊन कान तपासून घेतले. तपासणाऱ्या मुलाने त्यांना सांगितले, ‘आजोबा, वयाच्या मानाने ठीक आहे.’ हे वाक्य त्यांनी मला फोनवर दोनदा ऐकवले. ज्याला घरघर कधी आहे आणि कधी नाही ते सांगता येत नाही त्याने माणसे तपासू नयेत, पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही, असेही ते म्हणाले. मी मुंबईला लिहिले की एका कामगाराच्या तपासणीचे निष्कर्ष दर महिन्याला बदलत आहेत आणि कारण समजलेले नाही.

मलाही ते समजत नव्हते. एका महिन्यात ही बाई माझ्याशी पाड्यावरची विहीर, शाळा, भाताचे वाण असे भरभरून बोले आणि दुसऱ्या महिन्यात तीच ओळख नसल्यासारखी गप्प बसे. मी ते तिच्या स्वभावावर ढकलले होते.

कारण कळले ते मनोर नाक्यावर, रविवारी दुपारी. विक्रमगडला नातेवाइकांकडे जाऊन परत येताना तिथे गाडी बदलायची होती. भजीच्या टपरीच्या बाजूला दोन बायका उभ्या होत्या. एक पाड्याकडून आलेली, एक बोईसरकडून. बोईसरकडून आलेलीने गळ्यातले शेडचे ओळखपत्र काढून दुसरीच्या गळ्यात घातले. मग खोलीची किल्ली दिली, मग पायातल्या चपला काढल्या आणि दोघींनी चपला बदलल्या. पाड्याकडून आलेलीने कडेवरचे मूल दुसरीकडे दिले. एवढे झाल्यावर दोघींचे माझ्याकडे लक्ष गेले.

“बघितलंच तुमी तर आता बसा,” मूल दिलेली म्हणाली. “चा घ्या.”

त्या सख्ख्या जावा होत्या. बोलणारी थोरली, दुसरी धाकटी. ओळखपत्र थोरलीच्या नावाचे होते. धाकटीचे मूल अंगावरून सुटल्यापासून दोघी शेडमध्ये आळीपाळीने येत होत्या. एक पंधरवडा एकीने कुंभवलीच्या भाड्याच्या खोलीत राहून काम करायचे, दुसरीने पाड्यावर मूल, म्हातारी आणि शेत बघायचे. नवरे दोघेही हंगामात गुजरातकडच्या बोटींवर. टोपी, मास्क, ॲप्रन यांत कोण आहे ते कोणी पाहत नव्हते. सुपरवायझरला माहीत होते. फळी भरलेली आहे ना, एवढे तो पाही.

मी विचारले की मग डॉक्टरांसमोर कोण बसत होते.

“पहिल्या खेपेला ही बसली,” थोरली म्हणाली. “त्यांनी हिला नापास केली. मंग दुसऱ्या खेपेला माझी पाळी नसताना मी मुद्दाम आले. मी पास झाले का नाय?”

मी म्हटले, झालात.

“मंग जागा पास झाली ना? परत तिसऱ्या खेपेला कशाला बघायचं? तवा भातकापणी होती, मला येता नाय आलं. ही गेली आन परत नापास.”

त्यांचा हिशेब मला तिथे बसल्यावर कळत गेला. आजवर शेडमध्ये जी तपासणी आली ती जागेची होती. बादल्यांची, दारांची, फळ्यांची. तपासणीला चांगले असेल ते पुढे करायचे, हे त्या तिथेच शिकल्या होत्या. एका जागेवर दोघी, म्हणून दोघींतली जी पास होईल तिने बसायचे. आदल्या वर्षी खोकणाऱ्या एका बाईला सुपरवायझरने थोडे दिवस आराम करायला सांगितले होते आणि नंतर बोलावलेच नव्हते. नापास होणे म्हणजे काय, याचे एवढे एकच उदाहरण त्यांच्यापाशी होते. चिठ्ठी त्यांनी चुलीत घातली होती.

मी सांगितले की ही तपासणी जागेची नाही, माणसाची आहे.

थोरलीने माझ्याकडे नीट पाहिले. “माणसाची तपासणी कंपनी कशाला करंल?”

याचे उत्तर मला पाठ होते. कामगार निरोगी असला की खाडे होत नाहीत, खाडे झाले नाहीत की माल वेळेवर जातो, माल वेळेवर गेला की सगळ्यांचे काम टिकते. बोलता बोलता लक्षात आले की हे उत्तरही जागेबद्दलच होते. थोरलीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि भजीवाल्याला मिरची मागितली.

रस्ता ओलांडून आल्यापासून धाकटी तोंडाने श्वास घेत होती आणि मूल मांडीवरून सारखे खाली ठेवत होती. मी तिला डॉक्टरांचे शब्द पुन्हा सांगितले, एखादा ताप, एखादे बाळंतपण. तिला ते पाठ होते. थोरली म्हणाली की भात विकून झाले की बघू, आत्ता कोणाला काही सांगू नका. मी उठता उठता सांगितले की डॉक्टरांनी कान तपासून घेतले आहेत, आणि आता ते तपासायला येणार नाहीत.

थोरलीला हसू आवरेना. धाकटी हसली नाही.

“कानाला काय झालं त्यांच्या?” तिने विचारले.

मी म्हटले, काही नाही. तुमची घरघर एका महिन्यात नव्हती, म्हणून त्यांना वाटले आपल्यालाच ऐकू येत नाही.

ती मुलाच्या पायातला काळा दोरा फिरवत राहिली. मग म्हणाली, “त्यांना सांगा. कान बरा हाय म्हणून सांगा. दुसऱ्या कोणाला नका सांगू.”

थोरलीने तिला दटावले. म्हाताऱ्या माणसाची एवढी कीव येते तर जागा घालवून बस त्याच्या कानापाशी, असे ती म्हणाली. धाकटी म्हणाली की बरोबर ऐकून माणूस स्वतःला खोटा म्हणतो, हे तिला बरे वाटत नाही. या मुद्द्यावर ती अडून राहिली. स्वतःच्या जिवासाठी जे ती तीन महिने बोलली नव्हती ते तिने डॉक्टरांच्या कानासाठी बोलायची परवानगी दिली. मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी दोघींना घरी बोलावले.

पुढच्या रविवारी दोघी डॉक्टरांच्या पालघरच्या घरी आल्या. डॉक्टरांनी त्यांना शेजारी शेजारी बसवले. आधी थोरली, मग धाकटी, मग पुन्हा थोरली. त्यांनी नळी मला दिली आणि ऐकायला लावले. मला दोन्हीकडे नुसते ठोके ऐकू आले. डॉक्टर आधी खूश झाले, मग चिडले.

“तो पोरगा मला आजोबा म्हणाला,” ते थोरलीला म्हणाले. “तुमच्या दोघींमुळे.”

“आजोबा नाय तर काय दादा म्हणंल?” थोरली म्हणाली.

मग ते कामाला लागले. शेडच्या कागदावर आपण काही लिहिणार नाही, रुग्णालयाच्या कागदावर धाकटीच्या नावाने लिहू, असे त्यांनी सांगितले. घरच्या रेशनकार्डावर धाकटीचे नाव होते. सरकारी योजनेत उपचार होणार होते. कुठे जायचे, कोणाला भेटायचे, ते डॉक्टरांनी ठरवून दिले. आमच्या कार्यक्रमाचा या सगळ्यात काही भाग नव्हता. कार्यक्रमात थोरलीचे नाव होते, आणि ती निरोगी होती.

त्याच सुमारास मुंबईहून कार्यक्रमाची अधिकारी आली. तिशीच्या आतली, मनापासून काम करणारी मुलगी. माझ्या महिन्याच्या टिपणांवरून कार्यालयाला वाटले होते की एका कामगाराची माहिती दुसऱ्याच्या नावावर जात असावी आणि त्यामुळे खऱ्या आजारी माणसाला उपचार मिळत नसावेत. यात चुकीचे काही नव्हते. उपाय म्हणून शेडच्या दारावर चेहरा ओळखणारे यंत्र बसणार होते. आत येताना प्रत्येकीने मास्क खाली करून त्याच्यापुढे उभे राहायचे. एक जागा, एक चेहरा, एक आरोग्य नोंद.

अधिकारी गेल्यावर सुपरवायझरने मला बाहेर बोलावले.

“मॅडम, अर्धी शेड जोडीनं चालते,” तो म्हणाला. “कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाची लावणी, कोणाचं लग्न, तरी माझी फळी रिकामी राहत नाय. मालाची गाडी कधी चुकली का माझी? आता हे मशीन आलं तर माझी शेड आजारी पडंल. तिला कुठला डॉक्टर बघंल?”

तो थट्टेत बोलत होता आणि घाबरलाही होता. पुस्तिकेत ज्या गुणाचे वर्णन होते तो या शेडमध्ये होता, आणि कोणी तो शिकवला नव्हता. आता तो वाढवायला आलेल्या कार्यक्रमाचे यंत्रच तो मोडणार होते. हे मी मुंबईला लिहावे असे मला वाटले. लिहिले असते तर जोड्या उघड झाल्या असत्या. मी अधिकारी मुलीला फोनवर नुसते विचारले की एका जागेवर दोन माणसे काम करत असतील तर कार्यक्रम त्यांना काय धरेल. कार्यक्रमात कामगार म्हणजे एक व्यक्ती, असे ती म्हणाली. दोघींना काम हवे असेल तर दोघींनी अर्ज का करू नये, असे तिने विचारले. जागा एकच आहे, मी म्हटले. ती म्हणाली, विचारून सांगते. तिचे उत्तर आले नाही. तिने कोणाला विचारले असते तेही मला माहीत नाही.

चेहरा कोणाचा द्यायचा हा प्रश्न दोघींनी पाड्यावर बसून सोडवला. थोरलीचा. नाव तिचे, पास होणारी ती, आणि धाकटीचे रुग्णालयाचे फेरे सुरू होणार होते. मला आणि डॉक्टरांनाही हे योग्य वाटले. थोरलीने मास्क खाली करून यंत्रासमोर तोंड केले, हिरवा दिवा लागला आणि ती आत गेली. त्यानंतर ती महिना-महिना कुंभवलीतच राहिली. मूल पाड्यावर म्हातारीकडे राहिले.

धाकटीची सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी कानाने जे सांगितले होते तेच पडद्यावर दिसले. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी करायचे ठरले. नवरा बोटीवरून आला. मी एक दिवस तिथे गेले होते. वॉर्डमध्ये तिने मला पहिला प्रश्न विचारला तो थोरलीला मशीनने ओळखले का, हा. ओळखले, असे सांगितल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. तिला बरे वाटले की वाईट, ते तिच्या पाठीवरून समजणे शक्य नव्हते.

झडप मोकळी झाली. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी तिला घरी तपासले आणि पथ्य सांगितले. इंजेक्शने वर्षानुवर्षे चालू राहतील. डोक्यावर हंडा नाही, मोळी नाही, चिखलात वाकून लावणी नाही. बसून करायचे हलके काम चालेल, मास्क लावून.

“बसून करायचं काम कोणतं?” थोरलीने विचारले. त्या दिवशी सुट्टी असल्याने ती सोबत आली होती.

त्या दोघींच्या आयुष्यात बसून करायचे काम एकच होते, शेडमधल्या फळीवरचे. पाड्यावरचे प्रत्येक काम उभ्याचे, वाकायचे किंवा वाहायचे होते. फळी आता धाकटीला हवी होती आणि शेताला थोरली. यंत्राने नेमके उलटे धरले होते. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. चेहरा धाकटीचा द्यायला हवा होता, हे त्या वेळी त्यांच्याही ध्यानात आले नव्हते, असे ते पुटपुटले. आजारी माणसाला कामावरून बाजूला करायचे, एवढाच विचार आम्ही सगळ्यांनी केला होता.

चेहरा बदलता येईल का, असे मी मुंबईला विचारले. थोरलीने काम सोडल्याची नोंद करावी लागेल आणि धाकटीने नव्याने अर्ज करावा लागेल, असे उत्तर आले. नवी भरती पुढची ऑर्डर नक्की होईपर्यंत बंद होती. काम सोडले तर जागा जाणार, न सोडले तर चेहरा अडणार. उत्तराच्या शेवटी कामगाराच्या प्रकृतीत झालेल्या सुधारणेबद्दल आनंद व्यक्त केला होता. तो कोणत्या कामगाराबद्दल होता, हे मी विचारले नाही.

वाट सुपरवायझरने काढली. यंत्र चेहरा फक्त आत येताना बघे. सकाळी थोरली रांगेत उभी राही, मास्क खाली करी, दिवा हिरवा होई. आत पाऊल टाकून ती पाण्याच्या टाकीमागून बाजूच्या दाराने बाहेर पडे, आणि त्याच दाराने धाकटी आत येई. सुपरवायझर तेवढा वेळ रस्त्याकडे बघत उभा राही, जणू गाडी यायची आहे. मी हे एकदा पाहिले. थोरली बाहेर येऊन मला म्हणाली, “आता मला चेहऱ्याचा पगार हाय.”

याची किंमत होती. चेहरा रोज लागत असल्याने थोरलीला पाड्यावर परतता येत नव्हते. दोघी कुंभवलीच्या खोलीत राहू लागल्या आणि मूलही तिथे आणले गेले. त्या वर्षी त्यांच्या शेताचा वरचा तुकडा पडीक राहिला. एका जागेला आता दोघी पूर्ण वेळ लागत होत्या. आधी त्याच दोघींत जागा, शेत, मूल आणि म्हातारी एवढे निभत होते. कोणता उपाय कोणाच्या उपयोगी पडला, हे मी वर्षअखेरच्या टिपणासाठी अनेकदा मांडून पाहिले. प्रत्येक वेळी वेगळे उत्तर आले.

ही अदलाबदल सुरू झाल्यावरच्या पहिल्या तपासणीला डॉक्टर पुन्हा आले. थोरलीचे नाव पुकारले गेले आणि धाकटी येऊन बसली. त्यांनी ऐकले, मान हलवली आणि कागदावर पेन टेकवून थांबले. या नावाखाली काय लिहायचे, असे त्यांनी मला हळू आवाजात विचारले. त्यांनी रक्तदाब लिहिला आणि खालची ओळ कोरी सोडली.

काम संपल्यावर ते म्हणाले, खोलीवर जाऊन येऊ. थोरली दारात तांदूळ निवडत होती, मूल शेजारी झोपले होते. डॉक्टरांनी तिला धाकटीबद्दल विचारले. पायाला सूज येते का, नाही. खोकला, नाही. रात्री झोपते कशी, उताणी की बसून, कारण तुंबलेल्या हृदयाच्या माणसाला आडवे पडता येत नाही.

“आधी भिंतीला टेकून बसायची रातभर,” थोरली सुपातले खडे बाजूला टाकत म्हणाली. “मला वाटायचं हिला झोपच नाय येत. आता आडवी पडते तर अख्खी खोली अडवते. मी आन पोर दारात.”